रॉक टार्मिगन : उन्हाळ्यात दगड, हिवाळ्यात बर्फ

हिमरेषा (धागाकर्ती)

तित्तिर, लावा आणि कोंबडी यांच्याच मोठ्या कुळात ग्राउज नावाचा एक गट आहे. त्या गटातील बहुतेक पक्षी जंगलात, माळावर किंवा झुडपांच्या आडोशाला राहतात. रॉक टार्मिगन मात्र जिथे झाडे संपतात तिथून वर राहायला सुरुवात करतो. त्याचे शास्त्रीय नाव लॅगोपस म्यूटा. लांबी साधारण पस्तीस सेंटीमीटर, वजन अर्ध्या किलोच्या आसपास, बांधा गुबगुबीत आणि चाल संथ. अलास्का, कॅनडा, ग्रीनलंड, आइसलँड, स्कँडिनेव्हिया आणि सायबेरिया अशा उत्तरेकडील प्रदेशांत तो सलग पसरलेला आहे आणि तिथे समुद्रसपाटीलगतच्या टुंड्रातही आढळतो. दक्षिणेकडे मात्र स्कॉटलंडचे डोंगर, आल्प्स, पिरनीज आणि जपानच्या पर्वतरांगा अशा तुटक तुकड्यांतच तो उरला आहे. हिमयुग ओसरले, बर्फ उत्तरेकडे आणि वरच्या दिशेने सरकले, त्याच्या मागोमाग हा पक्षीही सरकला आणि जे थवे डोंगर चढून गेले ते शिखरांवर अडकून पडले, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

या पक्ष्याची प्रसिद्धी त्याच्या रंगबदलामुळे आहे. वर्षातून तीनदा तो पिसे बदलतो. उन्हाळ्यात नर करडा-तपकिरी आणि मादी पिवळसर-तपकिरी, बारीक आडव्या रेघांची असते. शरद ऋतूत दोघांवर राखाडी छटा येते. हिवाळ्यात दोघेही पांढरेशुभ्र होतात. तेव्हा काळी राहते ती फक्त शेपटी, आणि नराच्या बाबतीत चोचीपासून डोळ्यापर्यंत जाणारी एक काळी रेघ. उन्हाळ्यात दगडफुलांनी मढलेल्या खडकांमध्ये बसलेली मादी चार पावलांवर असूनही दिसत नाही, असे अनुभव पक्षिनिरीक्षक नेहमी सांगतात.

मला मात्र रंगापेक्षा त्याचे पाय अधिक लक्षणीय वाटतात. बहुतेक ग्राउज पक्ष्यांच्या बोटांच्या कडांना हिवाळ्यात खवल्यांची झालर फुटते, तर टार्मिगनची बोटे नखांपर्यंत दाट पिसांनी झाकलेली असतात. ग्रीक भाषेत ‘लॅगोपस’ म्हणजे सशाच्या पायाचा. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टार्मिगनच्या पायांवर प्रत्यक्ष मोजमाप केले गेले, तेव्हा पिसांमुळे पायाचा टेकणारा पृष्ठभाग सुमारे चौपट होतो आणि मऊ बर्फात पाय रुतण्याचे प्रमाण निम्म्यावर येते असे दिसले. रात्री हाच पक्षी भुसभुशीत बर्फ उकरून आत खळगा करतो आणि त्यात शिरून झोपतो. बर्फात हवा अडकलेली असल्यामुळे ते उत्तम उष्णतारोधक असते आणि बाहेर कितीही कडाका असला तरी खळग्यातली थंडी पुष्कळ सौम्य राहते. हिवाळ्यात मध्येच पाऊस पडून बर्फावर कडक पापुद्रा धरला, तर उकरणेही कठीण आणि खालची झुडपेही बंद, अशी दुहेरी अडचण होते.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की या पक्ष्याला बर्फ सोसायचे नसते, बर्फ त्याला हवे असते. फक्त ते वेळेवर यावे आणि वेळेवर जावे लागते. रंगबदल हा त्या व्यवहाराचा केवळ दिसणारा भाग आहे. जाणकारांनी भर घालावी.

शब्दवेल्हाळ

नावाबद्दल थोडे लिहितो, कारण त्यात एक गंमत आहे. ‘म्यूटा’ म्हणजे लॅटिनमध्ये मुकी. स्वीडनचे निसर्गअभ्यासक लार्स मोंटिन यांनी अठराव्या शतकात या पक्ष्याला हे विशेषण दिले. पुष्कळ वर्षे ते ‘म्यूटस’ असे पुल्लिंगी लिहिले जाई. ‘लॅगोपस’ हा शब्द व्याकरणाने स्त्रीलिंगी आहे हे लक्षात आल्यावर ‘म्यूटा’ हे रूप रूढ झाले. याउलट ‘टार्मिगन’ हा शब्द स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतील ‘तार्मखन’वरून आला आहे आणि त्याचा अर्थ करकर आवाज करणारा असा सांगितला जातो. म्हणजे एकाच पक्ष्याला पंडितांनी मुका म्हटले आणि डोंगरातल्या माणसांनी करकर्‍या! पक्षी ज्यांच्या कानांवर रोज पडत होता त्यांचेच नाव अधिक खरे आहे, कारण वसंतात नर हवेत झेप घेतो आणि पंख ताणून उतरताना लाकडी खुळखुळा फिरवावा तसा घोगरा, तुटक आवाज काढतो.

इंग्रजी लेखनात या शब्दाच्या सुरुवातीला जे अनुच्चारित ‘पी’ हे अक्षर दिसते, ते स्कॉटलंडचे निसर्गअभ्यासक रॉबर्ट सिबल्ड यांनी १६८४ मध्ये जोडले. शब्द ग्रीक असावा आणि पंखवाचक ‘प्टेरॉन’शी त्याचा संबंध असावा अशा समजुतीने ते घुसले, आणि चूक कळल्यावरही कायम राहिले. मराठीत आपण ते सुखेनैव गाळू शकतो. मराठी नावाबद्दल मात्र प्रश्न आहे. ‘हिमतित्तिर’ चालेल का?

हिमरेषा

‘हिमतित्तिर’ ऐकायला छान आहे, परंतु त्याने घोटाळा होईल. हिमालयात खरोखरच बर्फाच्या कडेला राहणारा एक तित्तिरवर्गीय पक्षी आहे, लेर्वा लेर्वा, आणि त्याला ते नाव अधिक शोभते. हिमालयात ग्राउज मुळीच नाहीत. तिथल्या उंच उतारांवर टार्मिगनसारखे जीवन हा लेर्वा आणि त्याहून आकाराने मोठे हिमकुक्कुट जगतात. म्हणून मी ‘टार्मिगन’ हाच शब्द ठेवते.

जिज्ञासू

लेख आवडला, पण एक शंका आहे. पांढरा रंग लपण्यासाठी आहे हे मान्य केले, तर बर्फ वितळल्याबरोबर दोघांनीही तपकिरी व्हायला हवे. मी पाहिलेल्या कित्येक छायाचित्रांत मात्र काळ्या-तपकिरी जमिनीवर पांढराशुभ्र नर ठळकपणे उभा असतो आणि शेजारची मादी केव्हाच मातकट झालेली असते. अशा वेळी ससाण्याला आमंत्रणच नाही का? की पिसे बदलायला नराला उशीर होतो, इतकेच?

हिमरेषा

शंका अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवणारी आहे. हा उशीर केवळ ढिलाई नव्हे.

कॅनडाच्या आर्क्टिक भागात या नेमक्या प्रश्नावर दीर्घ निरीक्षणे झाली आणि त्यांचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. बर्फ वितळू लागले की मादी लगेच पिसे बदलू लागते, कारण तिला जमिनीवरच्या उघड्या घरट्यात बसायचे असते. नर मात्र पांढराच राहतो. पांढर्‍या अंगावर डोळ्यांवरचे लाल तुरे उठून दिसतात, उंच दगडावर उभा राहिलेला तो दुरून ओळखू येतो, आणि मादीला आकर्षित करण्यासाठी व शेजारच्या नरांना आपली हद्द दाखवण्यासाठी त्याला नेमके हेच हवे असते. याची किंमतही तो मोजतो. या काळात जिरफाल्कन हा मोठा ससाणा नरांना फार मोठ्या प्रमाणात उचलतो.

खरी मौज यापुढे आहे. मीलनाचा काळ सरत आला आणि जोडीदारीण अंड्यांच्या कामाला लागली, की हा नर, ज्याने आठवड्यांपूर्वीपर्यंत एक डाग अंगावर पडू दिला नव्हता, तो ओल्या मातीत लोळू लागतो. पाठ, छाती, मान असे सगळे अंग तो मळवून घेतो आणि पाहता पाहता पांढर्‍या पक्ष्याचा चिखलाने माखलेला गोळा होतो. पिसे बदलायला अजून अवकाश असतो, म्हणून तोवर तो मातीचा रंग अंगाला लावून घेतो. घरटे लुटले गेले आणि मादी पुन्हा अंडी घालण्याच्या तयारीला लागली, तर नर परत स्वच्छ झालेले दिसतात. म्हणजे मळणे ही गलथानपणाची खूण नसून वेळ पाहून केलेली गोष्ट आहे. तेव्हा पांढरा रंग हिवाळ्यात लपण्याचे साधन असतो आणि वसंतात तीन आठवडे मिरवण्याचे; एकाच पिसाकडून पक्षी दोन परस्परविरुद्ध कामे करून घेतो.

जिज्ञासू

मातीत लोळणे हे उवा-पिसवा घालवण्यासाठी केलेले धूलिस्नान नसेल कशावरून? कोंबड्याही लोळतात.

हिमरेषा

धूलिस्नान टार्मिगनही करतात, आणि मादीही करते. पण मादी लोळूनसुद्धा नराइतकी मळत नाही. शिवाय कोंबडी कोरड्या धुळीत लोळून उठली की अंग झाडते आणि स्वच्छ होते. इथे नराच्या अंगावरची घाण टिकून राहते आणि तिची वेळ जोडीदारिणीच्या अवस्थेशी जुळते. केवळ किडे घालवायचे असते तर ही सांगड पडली नसती.

पायवाट

मला हा पक्षी जपानमध्ये, तातेयामा पर्वतावरच्या मुरोदो पठारावर पाहायला मिळाला. उंची सुमारे २,४५० मीटर. सकाळी धुके इतके दाट होते की पुढचा माणूस दिसेना, आणि बरोबरच्या स्थानिकांनी सांगितले की आज पक्षी दिसण्याची शक्यता अधिक आहे, कारण निरभ्र हवेत आकाशातल्या शिकारी पक्ष्यांच्या धास्तीने ते बुटक्या पाइनच्या जाळीत दडून राहतात. जपानी भाषेत त्याला ‘राइचो’, म्हणजे मेघगर्जनेचा पक्षी, का म्हणतात ते त्या हवेत आपोआप पटले.

पाइनच्या जाळीतून एक मादी बाहेर आली आणि तिच्यामागे लिंबाएवढी चार पिल्ले. माणसांची तिला काहीही भीती वाटली नाही. पायवाटेच्या दगडी कडेला, माझ्यापासून दोन मीटरवर, ती चरत राहिली. पिल्ले पाच-सहा मिनिटे इकडेतिकडे टोचत फिरली, मग तिने खालच्या सुरात काहीतरी पुटपुटल्यासारखे केले आणि चारही जण धावत येऊन तिच्या पोटाखाली शिरली. बाहेर फक्त एका पिल्लाचा पिसांनी झाकलेला पाय राहिला होता. थोड्या वेळाने पुन्हा सगळी बाहेर. हे चक्र मी अर्धा तास पाहिले. एक गोष्ट मात्र मला खटकली: मादीने टाकलेल्या ओलसर, काळपट विष्ठेवर एक पिल्लू तुटून पडले आणि ती चक्क खाऊ लागले. ही भूक होती की काही विकार?

निरीक्षक

विकार नव्हे, तुम्हाला फार महत्त्वाची गोष्ट पाहायला मिळाली आहे.

टार्मिगनचा आहार मुख्यत्वे वनस्पतींचा आहे: वाळुंजाच्या आणि भूर्जाच्या कळ्या व कोवळ्या डहाळ्या, क्रोबेरीसारख्या खुरट्या झुडपांची पाने व फळे. यांत तंतू भरपूर, पोषण जेमतेम, आणि झाडाने स्वतःच्या रक्षणासाठी साठवलेली कडू द्रव्येही असतात. पेषणीत, म्हणजे जठराच्या जाड स्नायूंच्या भागात, गिळलेल्या खड्यांनी हे अन्न भरडले जाते, आणि आतड्याच्या शेवटी असलेल्या दोन लांबलचक अंधांत्रांत जिवाणू ते आंबवून त्यातले उरलेसुरले सत्त्व काढून देतात. म्हणूनच त्यांची विष्ठा दोन प्रकारची असते: कोरड्या तंतुमय कांड्या, आणि अंधांत्रातून येणारा ओला, गडद गोळा. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाच्या पोटात हे जिवाणू नसतात. पिल्ले पहिले काही दिवस झाल्यानंतर सुमारे तीन आठवड्यांची होईपर्यंत आईची ही ओली विष्ठा खातात, असे जपानमधील संशोधकांनी नोंदवले आहे. आई त्यांना आपले पचनाचे विरजणच देत असते म्हणा ना. प्राणिसंग्रहालयात कृत्रिम उबवणीने वाढवलेल्या पिल्लांपुढे हीच अडचण येते, कारण त्यांना विरजण द्यायला आई नसते.

पोटाखाली शिरण्याचे कारणही सांगतो. अंडी साधारण पाच ते आठ असतात, मादी एकटीच सुमारे तीन आठवडे उबवते, आणि पिल्ले जन्मल्यावर काही तासांतच घरटे सोडून स्वतः टोचून खाऊ लागतात. परंतु स्वतःचे शरीर ऊबदार ठेवणे त्यांना पहिले काही आठवडे जमत नाही. त्यामुळे थोडे चरायचे, गार झाले की आईखाली शिरायचे, असा क्रम चालतो. जपानमध्ये पिल्ले जुलैच्या सुमारास, म्हणजे पावसाळा सरतासरता बाहेर पडतात. सलग दोन-तीन दिवस थंड पाऊस लागला तर एकतर चरणे होत नाही किंवा ऊब मिळत नाही, आणि त्या वर्षीची पिलावळ पाहता पाहता संपते.

जाता जाता आणखी एक. उबवणारी मादी दिवसातून काही वेळाच घरट्यावरून उठते आणि तेव्हा साठलेली विष्ठा एकदम टाकते. तो गोळा नेहमीपेक्षा कितीतरी मोठा असतो. डोंगरावर तो दिसला की जवळपास कुठेतरी घरटे आहे, हे अभ्यासक ओळखतात.

शब्दवेल्हाळ

विष्ठेवर इतके वाचनीय लिहिता येते हे आज कळले. ध्रुवाजवळच्या अखंड रात्रीत हा पक्षी काय करतो, त्यावरही लिहावे.

निरीक्षक

नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरची उपजाती सर्वांत उत्तरेकडची. तिथे हिवाळ्यात महिनोन्‌महिने सूर्य उगवत नाही. शरद ऋतूत हा पक्षी इतकी चरबी साठवतो की तिचे वजन शरीराच्या जवळजवळ एक तृतीयांश भरते. आल्प्समधल्या त्याच्या भाऊबंदांत असे काही आढळत नाही. विशेष म्हणजे अखंड अंधारात आणि अखंड उजेडात त्याच्या हालचालींतली दिवस-रात्रीची लय मोडते. झोप आणि चरणे चोवीस तासांत विखुरले जाते. दिवसच नसेल तर दिनक्रम कशाला, असा सरळ हिशेब.

हिमरेषा यांच्या मूळ मुद्द्याला जोडूनच हे सांगतो की दिवस नसलेल्या ठिकाणी दिनक्रम सोडणारा हा पक्षी पिसे बदलण्यासाठी मात्र दिवसाच्या लांबीवरच विसंबतो. तापमानाने वेग थोडा मागेपुढे होतो, पण मुख्य इशारा उजेडाचा. सूर्याचे पंचांग दरवर्षी तेच असते, बर्फाचे नसते. बर्फ लवकर वितळले तर पक्षी पांढरा आणि जमीन काळी, अशी विसंगती दिवसेंदिवस लांबते.

करवंद

आइसलँडचा उल्लेख अजून कसा झाला नाही? तिथे टार्मिगनला ‘र्‍यूपा’ म्हणतात आणि त्याची संख्या सुमारे दहा वर्षांच्या चक्राने चढते-उतरते. जिरफाल्कन तिथे प्रामुख्याने याच पक्ष्यावर जगतो, त्यामुळे टार्मिगन वाढले की काही वर्षांनी ससाणे वाढतात, टार्मिगन घटले की मागोमाग ससाणेही घटतात. पक्ष्याच्या आतड्यातील आयमेरिया या सूक्ष्म परजीवीचा प्रादुर्भावही या घसरणीशी जोडला गेला आहे. ख्रिसमसच्या जेवणात हा पक्षी असणे ही तिथल्या अनेक घरांची जुनी रीत. तरीही संख्या खालावल्यावर २००३ आणि २००४ अशी दोन वर्षे शिकार पूर्ण बंद ठेवली गेली. २००५ पासून शिकार पुन्हा सुरू झाली, पण विक्रीवर बंदी आली. स्वतः मारा आणि स्वतः खा, बाजारात आणू नका, ही तडजोड मला व्यवहार्य वाटते.

पायवाट

जपानमध्ये याच्या अगदी उलट. तिथे पर्वत पवित्र मानले गेले आणि राइचो हा देवाचा दूत, त्यामुळे त्याच्या वाटेला फारसे कोणी गेले नाही. म्हणूनच तो माणसाला भीत नाही. १९५५ पासून त्याला विशेष नैसर्गिक स्मारकाचा, म्हणजे कायद्याने संरक्षित वारशाचा, दर्जा आहे. तरीही १९८०च्या दशकात अंदाजे ३,००० असलेली संख्या नंतर २,०००च्या खाली आली. कोल्हे आणि कावळे वर सरकले आहेतच, पण २०१५ मध्ये जपानी माकडाने टार्मिगनचे पिल्लू पकडल्याचे दिसले तेव्हा अभ्यासकही हादरले.

त्याच वर्षी जपानच्या दक्षिण आल्प्स रांगेतील किताडाके पर्वतावर एक वेगळा उपाय सुरू झाला. नुकतीच पिल्ले निघालेली मादी तिच्या पिलावळीसह हळूहळू चालवत एका पिंजर्‍यात नेतात, रात्री आणि वादळी हवेत तिथेच ठेवतात, आणि हवा बरी असेल तेव्हा बाहेर चरायला सोडून माणसे राखण करतात. साधारण महिनाभराने मोकळे सोडतात.

जिज्ञासू

गुराख्याने राखावेत तसे पक्षी राखायचे, तर मग त्यांना रानटी कसे म्हणायचे? मला हा उपाय पटत नाही. डोंगर त्याला पोसू शकत नसेल, तर माणसाने किती वर्षे पोसायचे?

हिमरेषा

आक्षेप रास्त आहे, आणि माणसाची मदत प्रत्येक वेळी कामी येते असेही नाही. १९६० मध्ये फुजी पर्वतावर सात पक्षी सोडले गेले. काही वर्षांत ते नाहीसे झाले. फुजी उंच आहे, पण भूशास्त्रीय दृष्ट्या तरुण ज्वालामुखी आहे आणि तिथे ती बुटकी पाइनच नाही, जिच्या जाळीत हा पक्षी लपतो आणि घरटे करतो. उंची होती, घर नव्हते.

किसोकोमागाताके या २,९५६ मीटर उंचीच्या शिखराची गोष्ट मात्र निराळी आहे. तो ज्या रांगेत आहे त्या जपानच्या मध्य आल्प्समधून हा पक्षी १९६९ नंतर नाहीसा झाला असे मानले जात होते. २०१८ च्या उन्हाळ्यात तिथे एक मादी दिसली, एकटीच. दर्‍या ओलांडून ती दुसर्‍या पर्वतावरून आलेली असणार. नर नसल्यामुळे तिची अंडी निष्फळ होती, म्हणून त्यांच्या जागी दुसरीकडची फलित अंडी ठेवून पाहिली गेली. पिल्ले निघाली, पण जगली नाहीत. शेवटी २०२० मध्ये नोरिकुरा पर्वतावरून तीन कुटुंबांतले १९ पक्षी तिथे नेले गेले आणि त्यानंतर तिथे पुन्हा वीण होऊ लागली. तिथे पाइन होती, अन्न होते, फक्त पक्षी नव्हते. तेव्हा राखण करायची की नाही याचे उत्तर डोंगरागणिक बदलेल; पहिला एक महिना निभावला तर पुढचे पक्षी स्वतः पाहून घेतात, असे जिथे दिसते तिथे तो महिना द्यायला माझी हरकत नाही.

करवंद

एक दुरुस्ती सुचवतो. या धाग्यात सगळा भार बर्फावर आणि हवामानावर पडला आहे. स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म डोंगरावर १९६०च्या दशकात स्कीसाठी दोरवाटा आणि वाहनतळ झाले, तिथल्या टार्मिगनवर पक्षिअभ्यासक अॅडम वॉटसन यांनी अनेक दशके लक्ष ठेवले होते. पक्षी तारांना धडकून मेले, हा एक भाग. दुसरा असा की पर्यटकांनी टाकलेल्या खरकट्यामुळे कावळे वर येऊ लागले आणि त्यांनी अंडी-पिल्ले फस्त केली. सर्वाधिक बांधकाम झालेल्या भागात कित्येक उन्हाळे एकाही जोडीने वीण केली नाही. शेजारच्या उतारांवरही बर्फ तेवढेच होते.

हिमरेषा

मान्य. मुरोदोवरही आता हेच शिकवतात की डबा उघडा ठेवू नका आणि कण मागे सोडू नका. पायवाट यांनी पाहिलेली चार पिल्ले वाचवण्यात त्याचा वाटा धुक्याइतकाच असू शकेल. मूळ लेखात ‘बर्फ वेळेवर यावे आणि वेळेवर जावे’ एवढेच लिहिले आहे. त्याखाली कावळ्यांचा परिच्छेद जोडते.